उशीबाईंचा लेखनिक

ग्रंथालयाच्या हस्तलिखितांच्या खोलीत शिरणारा माणूस कितीही मोठा विद्वान असो, त्याला आधी उशीबाईंसमोर दोन्ही हात पुढे करावे लागत. आधी तळवे वर, मग खाली. तेल, मलम, शाई यातलं काहीही दिसलं तर बाई एक शब्द न बोलता कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवत. हात धुऊन, कोरडे करून आलेल्या माणसाच्या खिशातलं पेन काढून घ्यायचं आणि त्याच्या हाती पेन्सिल द्यायची, हा पुढचा विधी. कुणी उत्साहानं विचारलं, "हातमोजे नाहीत का?" तर बाई त्याच्याकडे दया आल्यासारखं बघत. मोज्यातल्या बोटांना पान कळत नाही आणि न कळलेलं पान फाटतं, हे त्या इतक्यांदा सांगून बसल्या होत्या की आता त्यांना ते सांगायचाही कंटाळा आला होता.

उशीबाई हे नाव त्यांना एका अभ्यासकानं चेष्टेत दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. जुनी जाड पुस्तकं सपाट उघडता येत नाहीत, त्यांचा कणा मोडतो. म्हणून दोन्ही बाजूंना तिरक्या उशा ठेवून त्यावर पुस्तक अर्धवट उघडं निजवायचं असतं. या उशा बाई स्वतः शिवत. गडद रंगाचं कापड, आत बारीक दाणे, टाका असा की नखालाही लागू नये. पान मिटू नये म्हणून त्यावर ठेवायच्या वजनाच्या माळाही त्यांच्याच हातच्या, कापडाच्या बारीक नळीत छर्रे भरून केलेल्या. मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्य ग्रंथपाल, भर बैठकीत एकदा "आमच्या उशीबाई" म्हणून गेल्या आणि मग जीभ चावत बसल्या. बाईंना मात्र त्या नावाचं वाईट वाटायचं नाही. कुणाला साहेब म्हणतात, कुणाला सर म्हणतात, आपल्याला उशी म्हणतात, त्यात निदान कुणाला टोचत तरी नाही, असं त्यांचं म्हणणं.

घरी मात्र या शिस्तीनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. नवरा थुंकीचं बोट लावून वर्तमानपत्राचं पान उलटायला लागला की बाई स्वयंपाकघरातूनही ओळखत. आवाजावरून कळतं म्हणे. लग्नाचा अल्बम पाहायचा तर तो मांडीवर घ्यायची सोय नव्हती, खाली उशी लागायचीच. लेक लहानपणी एकदा पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडताना सापडली, तर बाईंनी आवाजही चढवला नाही, फक्त पुस्तक हातातून घेऊन कोपरा सरळ केला आणि त्यावरून बोट फिरवत राहिल्या. लेक अजून म्हणते, त्यापेक्षा एक धपाटा परवडला असता.

नवऱ्याला सगळं गाव पेंटर म्हणायचं, आणि बाईही बाहेर बोलताना "आमचे पेंटर" असंच म्हणायच्या. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, ट्रकच्या मागच्या ओळी, सगळं त्यांच्या ब्रशातून उतरलेलं. दिवसभर शिडीवर उभं राहून माणूस घरी आला की जेवताना बाई त्याला आपल्या खोलीतल्या गोष्टी सांगायच्या. तिथं काय नव्हतं? जमिनीच्या हद्दींचे दाखले होते, विहिरीवरून भांडणाऱ्या दोन घरांचा पिढ्यान्‌पिढ्या लांबलेला खटला होता, आगीतून वाचलेली आणि कडेनं करपलेली पोथी होती. पण जेवणाच्या पाटावर सगळ्यात जास्त वेळा येऊन बसायचा तो लेखनिक.

हा लेखनिक म्हणजे मध्ययुगातला, परदेशातला कुणीतरी पोथ्या उतरवून काढणारा माणूस. झाडपाल्याच्या औषधांचं एक जाडजूड पुस्तक त्यानं कातड्याच्या पानांवर आपल्या हातानं उतरवलं होतं. स्वतःचं नाव त्यानं कुठेही टाकलं नव्हतं, त्यामुळे बाईंनी त्याला नाव ठेवायच्या भानगडीत न पडता सरळ "आमचा लेखनिक" म्हणायला सुरुवात केली. बाईंना त्याच्या भाषेतलं अक्षरही वाचता येत नव्हतं, पण त्याचा स्वभाव तोंडपाठ होता. बोरू नवा कापला की त्याची अक्षरं कशी टोकदार आणि ऐटीत उभी राहतात. कंटाळला की एकच ओळ दोनदा लिहून बसतो आणि मग चाकूनं खरवडून काढतो. कातड्यात मुळातच एक भोक होतं, तर पठ्ठ्यानं रडगाणं न गाता त्या भोकाला वळसा घालून लिहिलं. आणि एका पानावर ओळीच्या शेवटी जागा संपली, तर उरलेली अक्षरं दाटीवाटीनं अशी कोंबली की शेवटचं एक खाली लोंबतंय.

या शेवटच्या गोष्टीला पेंटर हसून हसून लोळायचे. कारण त्यांनीही ऐन उमेदीत एका शिंप्याच्या पाटीवर हेच केलं होतं. पहिली अक्षरं पाय पसरून, शेवटची एकमेकांच्या अंगावर. शिंपी म्हणाला होता, कपडा कमी पडला की आम्हीही असंच करतो. तेव्हापासून पेंटर त्या लेखनिकाची बाजू घ्यायचे. तो आपल्या धंद्यातला माणूस आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत, असा त्यांचा दम असायचा. कधी चिडवायचे, "तुझा लेखनिक काय म्हणतोय? जेवला का?" आणि बाई म्हणायच्या, "तुमच्याआधी जेवला. त्याचे हात स्वच्छ होते."

पुढे पेंटरांचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा आजार, हळूहळू वाढणारा. कडेचं दिसायचं, पण जिथं नजर लावावी नेमकं तिथंच धूसर व्हायचं, कुणी ओल्या रंगावर बोट फिरवल्यासारखं. त्यांनी बरेच दिवस ते लपवून ठेवलं. मग एका लाँड्रीची पाटी रंगवताना अक्षरं त्यांच्या नकळत मोठी होत गेली, इतकी की शेवटचं अक्षर पाटीवर मावलंच नाही. लाँड्रीवाला भला माणूस, त्यानं पाटी तशीच लावली आणि पैसेही दिले. पण पेंटरांनी घरी येऊन ब्रश धुतले, पुसले, डब्यात घातले आणि डबा माळ्यावर टाकला. दारामागं स्वतःच्या घराच्या पाटीसाठी तासून ठेवलेली एक फळी कित्येक वर्षं उभी होती. सगळ्या गावाच्या पाट्या केल्या, घराची राहिली, म्हणून बाई ज्या फळीवरून रोज टोमणे मारायच्या, त्या फळीबद्दल त्यांनी आता तोंड मिटलं.

आणि त्याच सुमाराला जेवणाच्या वेळी लेखनिक यायचा बंद झाला.

हे का झालं ते सांगायला हवं. त्या पुस्तकाच्या मध्यापासून लेखनिकाची अक्षरं मोठी व्हायला लागतात. आधी कळत नाही इतकी, मग कळेल इतकी, आणि शेवटाकडे तर एका पानावर मोजक्या ओळी मावतात. हे काही उशीबाईंनी शोधून काढलं नव्हतं. अभ्यासकांनी केव्हाच छापून ठेवलं होतं, सूचीतही तशी नोंद होती: लिहिता लिहिता या माणसाची दृष्टी गेली. बाईंनी ते वर्षानुवर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं होतं. फक्त घरी सांगायचं राहून गेलं होतं, कारण पुस्तकाच्या पहिल्या निम्म्यातच गमती इतक्या होत्या की जेवण संपायचं. आणि आता सांगायची त्यांची छाती होत नव्हती. लाँड्रीची पाटी ज्यानं रंगवली त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"लेखनिक रजेवर गेला का गं?" पेंटरांनी एकदा विचारलं.

ते पुस्तक हल्ली कुणी मागत नाही, असं बाईंनी ठोकून दिलं. खरं तर त्याच आठवड्यात दोघांनी मागितलं होतं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं लगेच कळतं, कारण तो ते बोलून झाल्यावर ताटं उचलायला लागतो. पेंटरांचं जेवण अजून व्हायचं होतं.

मग पेंटरांनी हट्ट धरला. लेखनिक इथं येत नाही तर मी त्याच्याकडे जातो, मला ते पुस्तक बघायचं आहे, दिसतंय तोवर बघायचं आहे. हे शेवटचं ते सहज म्हणाले, पाणी मागावं तसं. पण घाबरलेली माणसं करतात तेच बाईंनी केलं, त्या नियमाच्या मागं लपल्या. तिथं फक्त अभ्यासकांना परवानगी असते, अर्जात उद्देश लिहावा लागतो, बघणं हा काही उद्देश नसतो. मोठ्या मॅडमच्या मेव्हण्यालाही आपण परत पाठवलंय, मग नवऱ्याला कशी सूट द्यायची? सगळं खरं होतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. पेंटर "बरं" म्हणाले. या माणसाचं "बरं" म्हणजे गोष्ट संपली असं नसतं, हे इतका संसार करूनही बाई विसरल्या.

पुढच्या आठवड्यात मोठ्या मॅडमनी बाईंना बोलावून मंजूर झालेला एक अर्ज हाती दिला. अक्षर लेकीचं, सही पेंटरांची. उद्देशाच्या रकान्यात लिहिलं होतं की अर्जदारानं आयुष्यभर हातानं अक्षरं काढली आहेत आणि छपाईच्या आधी अक्षरं काढणारे लोक ती कशी काढत, हे त्याला पाहायचं आहे. मॅडम म्हणाल्या, यात नाकारण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही, तुम्हाला दिसतंय का? बाईंना दिसत होतं, पण ते मॅडमना सांगण्यासारखं नव्हतं.

ठरल्या दिवशी बाईंनी सकाळीच थंड कोठारातून पुस्तकाची पेटी आणून टेबलावर ठेवली. बाहेरच्या हवेला ती जरा सरावली की मगच उघडायची असते. पेटी सरावत होती, बाई काही सरावत नव्हत्या. त्यांनी मनाशी बेत ठरवला. पहिली निम्मी पानं निवांत दाखवायची. भोक दाखवायचं, खाडाखोड दाखवायची, कोंबलेली ओळ दाखवायची, आणि मध्यावर आलं की पानांना फार वेळ उजेड चालत नाही असं सांगून पुस्तक मिटायचं. नियम तसा आहेही. या वेळी नियम कामाला येईल, असं त्यांना वाटलं.

लेक पेंटरांना दारापर्यंत सोडून गेली. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, कानावर पेन्सिल.

"आपले हात दाखवा," बाई म्हणाल्या. खोलीत दुसरे दोन वाचक होते, आणि नसते तरी त्या हेच म्हणाल्या असत्या.

पेंटरांनी हात पुढे केले. नखांच्या कडांत अजून निळा रंग होता.

"हा धुऊन जाणारा नाही, बाई," पेंटर अदबीनं म्हणाले. "फार जुना आहे."

सुटत नसेल तर चालेल, असा निवाडा देऊन बाईंनी त्यांना खुर्ची दिली. जप्त करायला पेनही सापडलं नाही. उशा लावल्या, पुस्तक निजवलं, पहिलं पान उघडलं. पान उलटताना त्यांचा तळवा पानाखाली सरकायचा आणि पान जणू आपणहून कूस बदलायचं, जरासा खरखर आवाज करत. पेंटर तो आवाज मान कलती करून ऐकत होते.

बाईंनी भोक दाखवलं. पेंटर "वा" म्हणाले. खरवडलेली ओळ दाखवली. पेंटर पुन्हा "वा" म्हणाले. मग ती कोंबलेली ओळ आली, जिच्यावर दोघं अर्धं आयुष्य हसत आले होते. बाईंनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं, पानाला न टेकवता, जागा दाखवली.

"हो हो," पेंटर हसून म्हणाले. "काय दाटी केलीय लेकानं."

ते दुसऱ्याच पानाकडे बघत होते.

बाई तशाच उभ्या राहिल्या. आपण या माणसाला काय दाखवतोय, ते आता त्यांच्या ध्यानात आलं. ती बारीक, देखणी, काटेकोर अक्षरं, ज्यांचं वर्णन करताना आपला घास हातात राहायचा, ती यांच्या लेखी नुसत्या राखाडी रेघा आहेत. आणि तरी हा मघापासून वा वा करतोय, कशासाठी, तर आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. बाईंना त्या क्षणी नवऱ्याबद्दल माया दाटून आली, आणि स्वतःचा रागही तितकाच आला. ज्याला दाखवायचं त्याला दिसणार नाही तेवढंच दाखवायचं, असा हा आपला बेत होता.

त्यांनी वजनाची माळ उचलली आणि पुस्तक मिटलं नाही. एकदम पानांचा जाडसर गठ्ठा तळहातांवर तोलून पलीकडे निजवला, उशा पुन्हा सारख्या केल्या आणि शेवटाकडचं पान उघडलं.

पेंटर पुढं झुकले. मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. मधला डाग चुकवून कडेच्या नजरेनं बघायची त्यांची आता तशी सवय झाली होती.

"हे दिसतंय मला," ते म्हणाले.

बाईंनी पुढचं पान उलटलं. अक्षरं आणखी मोठी होती. काळी, ठसठशीत, बोरूचा दाब जिथं पडला तिथं शाई दाट झालेली. पेंटरांनी मांडीवर बोटानं ते वळण गिरवून पाहिलं. इथून उतरला, इथं थांबला, इथं उचलला.

"याचे डोळे जात होते," पेंटर म्हणाले. विचारलं नव्हतं त्यांनी, सांगितलं होतं.

"हो."

"तुला ठाऊक होतं."

"पहिल्यापासून."

"म्हणून तो जेवायला यायचा बंद झाला होय." पेंटर हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग पुस्तकावर पाणी पडू नये म्हणून खुर्ची चटकन मागं घेतली. हे पाहून बाईंना वाटलं, इतकी वर्षं बोललेलं अगदीच वाया गेलेलं नाही.

"अगं, पण सोडलं नाही ना त्यानं," पेंटर म्हणाले. "मला वाटत होतं तू त्याचं काहीतरी वाईट लपवतेयस. मेला असेल अर्ध्यात, असं वाटलं होतं मला."

शेवटच्या पानापर्यंत गेले ते दोघं. तिथं अक्षरं सगळ्यांत मोठी होती, पण ओळ हललेली नव्हती. पेंटरांना त्याचंच नवल वाटलं. दिसत नसताना ओळ सरळ कशी ठेवली, हे त्यांना धंद्यातला माणूस म्हणून जाणून घ्यायचं होतं. लाँड्रीच्या पाटीवर त्यांची ओळही उतरणीला लागली होती. तेव्हा बाईंनी सांगितलं की लिहायला बसण्याआधी पानावर बोथट टोकानं रेघा दाबून घेतलेल्या असतात. शाई नाही, काही नाही, नुसती चर. उजेड तिरका धरला तर दिसते, आणि नाही दिसली तरी बोटाला लागते. डाव्या हाताचं बोट चरीवर ठेवून तो उजव्या हातानं लिहीत गेला असावा, असं म्हणतात.

पेंटरांचा हात आपसूक पुढं गेला.

"हात नको," बाई म्हणाल्या.

हात मागं आला. बाईंना वाईट वाटलं, फार वाटलं, पण पान ते पान. पेंटरांनीही रुसवा धरला नाही. उलट जाताना सगळ्यांसमोर वाकून म्हणाले, "आभारी आहे, बाई. आपली शिस्त चांगली आहे. घरीही अशीच असते का?" बाजूच्या टेबलावरच्या वाचकानं तोंडावर रुमाल धरला.

त्या रविवारी बाईंनी स्टूल घेऊन माळ्यावरचा डबा काढला. दारामागची फळी पुसली, तिच्यावर पांढरा रंग दिला, थोडा सुकू दिला. मग पट्टी धरून विणायच्या सुईच्या मागच्या टोकानं रंगावर दोन रेघा दाबल्या, एक वर, एक खाली, बोटाला लागतील इतक्या खोल. पुस्तकाला ठेवावी तशी त्यांनी फळी दोन उशांवर तिरकी ठेवली आणि पेंटरांचं बोट धरून चरीवर नेऊन टेकवलं.

"इथं हात चालेल," त्या म्हणाल्या.

पेंटर बराच वेळ नुसते त्या चरीवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी ब्रश मागितला आणि निळा रंग मागितला. बाई स्वयंपाकघरात निघून गेल्या, कारण काम करणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहायचं नाही, हाही त्यांचा एक नियम होता. तो दुसऱ्यांनी पाळायचा असतो, पण त्या दिवशी त्यांनीही पाळला.

दुपारी हाक आली म्हणून त्या बाहेर आल्या. फळीवर आधी पेंटरांचं नाव होतं, त्यापुढं बाईंचं. ओळ सुतात सरळ होती. अक्षरं मात्र पहिल्यापासून शेवटापर्यंत वाढत गेली होती, त्यामुळे पेंटरांचं नाव बेताचं आणि बाईंचं नाव त्याच्या दुप्पट झालं होतं. आडनावाला तर जागाच उरली नव्हती. शेजारीपाजारी काय म्हणतील, असं बाईंच्या तोंडावर आलं होतं.

"माझंच केवढं मोठं झालंय हो," त्या म्हणाल्या.

पेंटरांनी मान एका बाजूला वळवून पाटी न्याहाळली.

"राहू दे," ते म्हणाले. "मला तेवढंच वाचता येतंय."

पाटी संध्याकाळी दारावर लागली, आडनावाशिवाय. येणारेजाणारे हसतात, टपालवाला तर दर वेळी हसतो, आणि बाई रोज कामावर जाताना तिच्यावरची धूळ कोरड्या हातानं पुसतात.